जेवणानंतर

हेमलता सातपुते दिवसाला बारा गोळ्या घेत होत्या, आणि त्या बारांतल्या सात गोळ्या उरलेल्या पाचांनी केलेला घोळ निस्तरण्यासाठी होत्या. हे कळायला पाच वर्षं लागली. कळलं तेव्हा बाईंना त्याचं विशेष काही वाटलं नाही. त्या काळात त्यांना कशाचंच काही वाटत नसे. चहा गार झाला तरी चालायचा, टीव्ही लावला तरी चालायचा, मध्येच बंद केला तरी चालायचा.

एके काळी असं नव्हतं. साताऱ्यातल्या एका छापखान्यात बाई चौतीस वर्षं मुद्रितशोधक होत्या. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळापासून ते पडद्यावर मजकूर वाचण्याच्या काळापर्यंत त्यांची लाल पेन्सिल चालू होती. एका लग्नपत्रिकेत 'आशिर्वाद' छापलेलं पाहून त्यांनी भर मांडवात वधूपित्याला बाजूला घेतलं होतं आणि अक्षता पडायच्या आत दीर्घ वेलांटी समजावून सांगितली होती. मुलाचं नाव त्यांनी हृषीकेश ठेवलं. ह ला ऋकार, षी दीर्घ. जगाला हे नाव धड लिहिता येणार नाही हे माहीत असूनच ठेवलं असावं, म्हणजे दुरुस्त्या करायला जन्मभर निमित्त.

मग एकाहत्तराव्या वर्षी त्या शब्द विसरायला लागल्या. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हटलं आणि गोळ्यांमध्ये आणखी एका गोळीची भर पडली. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले, भालचंद्रराव, वीजमंडळातले निवृत्त मीटर तपासनीस. हृषीकेश पुण्याची नोकरी घरूनच करायची परवानगी मिळवून आईजवळ राहायला आला. आता घरात ती दोघं होती, आणि डबा.

डबा इस्पितळाचा होता. वेळ झाली की त्यात दिवा लागे आणि एक गोड आवाज म्हणे, "हेमलताजी, जेवणानंतरची औषधं घ्यावीत." झाकण उघडून गोळ्या उचलल्या की इस्पितळात नोंद होई. नाही उचलल्या तर हृषीकेशचा फोन वाजायला लागे, आणि तो आवाज मात्र मुळीच गोड नव्हता.

बाईंच्या दंडावर लिमलेटच्या गोळीएवढी एक चकती चिकटवलेली होती. नाडी, रक्तातली साखर आणि क्षार, झोप, चालण्याचा तोल, बोलताना दोन शब्दांमध्ये जाणारा वेळ, सगळं ती टिपायची. त्या आकड्यांवरून इस्पितळाच्या यंत्रणेनं बाईंचं एक गणिती प्रतिरूप उभं केलं होतं. त्याचं कारण साधं आहे. गोळी पोटात गेली की यकृत ती मोडतं आणि मूत्रपिंडं ती बाहेर टाकतात. वय झालं की दोघांचाही वेग मंदावतो, आणि किती मंदावतो ते प्रत्येकाचं वेगळं असतं. तिशीतल्या माणसाच्या अंगातून संध्याकाळपर्यंत निघून जाणारी गोळी पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या अंगात दुसऱ्या दिवशीच्या गोळीची वाट बघत थांबते. त्यात गोळ्या बारा असल्या की त्यांच्या आपापसांत सहासष्ट जोड्या लागतात. सहासष्ट जोड्या कुठल्याही डॉक्टरच्या डोक्यात मावत नाहीत. प्रतिरूपात मावतात. बाईंना एखादी गोळी द्यायची किंवा बंद करायची झाली तर आधी ते प्रतिरूपावर करून बघायचं, वर्षभराचा परिणाम दोन मिनिटांत दिसतो. इस्पितळात सगळे त्याला 'जुळी' म्हणत.

जुळी वर्षभर नीट चालली होती. फक्त एका ठिकाणी अडत होती.

"दर पंधरवड्याला तुम्ही आणि जुळी वेगळ्या वागता," डॉ. रेहाना मुजावर म्हणाल्या. वृद्धांच्या औषधोपचारांत त्या विशेष जाणकार होत्या, आणि आज त्यांचे डोळे चमकत होते. "साधारण वीस तास. जुळी सुस्तच असते, पण तुम्ही भरभर बोलता, सरळ चालता. दर चौदा नाहीतर पंधरा दिवसांनी. गोळ्या तर वेळेवर घेतल्याची नोंद आहे. यंत्रणा म्हणतेय की हे चंद्राच्या कलांशी जुळतंय! आजी, असं माणसात अजून कुणी दाखवलेलं नाही."

"आजी म्हणू नका," हेमलताबाई संथपणे म्हणाल्या. "मला नातू नाही."

"बरं, हेमलताताई. मी तुम्हाला तारखांची यादी देते. घरी काही आठवलं तर सांगा."

"बरं," बाई म्हणाल्या. इस्पितळाच्या दारापर्यंत येईतो त्या ते विसरल्याही होत्या.

यादी आठ दिवस टेबलावर पडून राहिली. नवव्या दिवशी दुपारी हृषीकेश कामाच्या खोलीतून बाहेर आला तर आई खिडकीशी बसून तो कागद वाचत होती, आणि तिच्या हातात लाल पेन्सिल होती. समोर बशीत भगर आणि दाण्याची आमटी अर्धी संपलेली.

"तुझं नाव चुकवलंय," ती वर न बघता म्हणाली. "ऋषिकेश. ते गाव आहे, माणूस नव्हे. आणि खाली चंद्राबद्दल जे लिहिलंय ते तर सगळंच चुकीचं आहे."

"म्हणजे?"

"भिंतीवरचं कॅलेंडर काढ. या सगळ्या एकादश्या आहेत. ही बघ सफला, ही पुत्रदा, ही षट्तिला. इथे यांच्या यंत्राला एक दिवस पुढे-मागे झाल्यासारखं वाटलं, म्हणून प्रश्नचिन्ह टाकलंय. प्रश्न कसला? त्या महिन्यात स्मार्त एक दिवस आणि भागवत दुसऱ्या दिवशी होती. आपण भागवत धरतो."

हृषीकेश खुर्ची ओढून बसला. आई एकादशीला जरा तरतरीत असते हे त्याला माहीत होतं. घरात सगळे म्हणायचे, उपवासानं पोट हलकं राहतं, देवाचं नाव घेते, बरं वाटतं. त्यापलीकडे त्यानं कधी विचार केला नव्हता.

"आई, आज दुपारच्या गोळ्या घेतल्यास?"

"आज कशा घेईन?"

"डब्यानं सांगितलं ना?"

"डब्यानं काय सांगितलं? जेवणानंतर घ्या. आज एकादशी. एकादशीला जेवण असतं का?"

"अगं, पण तू आत्ता खाल्लंस की!"

"तो फराळ. फराळ म्हणजे जेवण नव्हे. तू मराठीत पास कसा झालास रे?"

हृषीकेशला हसावं की डोकं धरावं ते कळेना. "मग गोळ्या जातात कुठे? डब्यात तर नाहीत."

"तुळशीत," बाई म्हणाल्या. "हे होते तेव्हा तिथेच टाकायचे. तो डबा रिकामा केला नाही तर तुला फोन जातो म्हणून. मीही तिथेच टाकते. पहाटेची उपाशीपोटीची मात्र घेते हो. ती तर दिवसभर कधीही घेतली तरी चालली असती."

डॉ. मुजावर आधी खूप हसल्या. मग त्यांनी बाईंना चांगलंच फैलावर घेतलं. असं एकदम औषध तोडलं तर रक्तदाब उसळून जिवावर बेतलं असतं, पुन्हा असं करायचं नाही. मग तुळशीची चौकशी केली.

"ती आधीपासून शांतच होती," बाई म्हणाल्या.

एकादशीच्या चुकवलेल्या गोळ्या जुळीला सांगितल्या, आणि दोन मिनिटांत ती हेमलताबाईंशी तंतोतंत जुळली. चंद्र गेला तो गेलाच. पण त्याच्या जागी जे आलं ते पाहून डॉ. मुजावरांचा चेहरा उतरला. त्यांनी कागदावर एक साखळी काढून दाखवली. रक्तदाबाच्या गोळीनं पायांना सूज आली. सूज उतरायला लघवीची गोळी दिली. त्यानं लघवी आवरेना, म्हणून ती आवरायची गोळी दिली. ही तिसरी गोळी मेंदूतल्या ज्या रसायनावर आठवण चालते तेच अडवते, म्हणून बाई विसरायला लागल्या. त्याला स्मृतिभ्रंश समजून आठवणीची गोळी दिली. तिनं झोप उडाली, म्हणून झोपेची. प्रत्येक डॉक्टरनं समोर दिसलेलं दुखणं प्रामाणिकपणे बरं केलं होतं.

"कळलं," बाई म्हणाल्या. त्या दिवशी द्वादशी होती, जेवण अजून व्हायचं होतं, त्यामुळे त्या ताळ्यावर होत्या. "खिळ्यांच्या काळात असंच व्हायचं. ओळीतली एक चूक दुरुस्त करायला खिळा उचलला की शेजारचे दोन पडायचे. ते लावताना तिसरा उलटा लागायचा. म्हणून एका वेळी एकच दुरुस्ती करायची आणि पुन्हा प्रूफ काढायचं."

"अगदी तसंच करू या," डॉ. मुजावर म्हणाल्या. "एका वेळी एक गोळी. आणि ताई, तुम्हाला स्मृतिभ्रंश नाही. बहुतेक कधीच नव्हता."

हृषीकेशनं आईकडे पाहिलं. पाच वर्षांनी शिक्षा माफ झालेल्या माणसानं काहीतरी करायला हवं, निदान खुर्चीवरून उठायला तरी. बाईंनी चष्मा पुसला.

"बरं," त्या म्हणाल्या.

सात महिन्यांत सात गोळ्या गेल्या. प्रत्येक गोळी आधी जुळीची बंद व्हायची, मग बाईंची अर्धी, मग पाव, मग बंद. रक्तदाबाची गोळी बदलून दिली तशी पायांची सूज गेली, शब्द परत आले. बाई सकाळचं वर्तमानपत्र पेन्सिल घेऊन वाचायला लागल्या आणि संपादकांना पत्रं पाठवायला लागल्या. आता महिन्याचे तिसाच्या तीस दिवस त्या एकादशीसारख्या होत्या.

तरीही काहीतरी राहून गेलं होतं. त्यांना सगळं आठवत होतं, पण लागत काहीच नव्हतं. समोरच्या भिंतीवर भालचंद्ररावांचा फोटो होता, त्याला चंदनाचा हार होता. ते गेले हे बाईंना माहीत होतं, जसं प्लासीची लढाई १७५७ साली झाली हे माहीत असतं. त्या फोटोवरची धूळ पुसायच्या आणि भाजी निवडायला बसायच्या. शेजारच्या शकुंतलाबाई एकदा म्हणाल्या, "किती सावरलात हो तुम्ही!" तेव्हा आपण सावरलो म्हणजे कशातून, याचा बाईंनी प्रामाणिकपणे विचार करून पाहिला.

उपवासाला गोळ्या चुकवणं नेमकं कधी सुरू झालं ते डॉ. मुजावरांना हवं होतं. भालचंद्रराव जुनी कॅलेंडरं टाकत नसत. हृषीकेशनं एका रविवारी सकाळी माळ्यावरून गुंडाळ्या खाली काढल्या आणि जमिनीवर पसरून चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या.

मीटर वाचून आकडे टिपण्यात ज्याचा जन्म गेला, त्यानं घरीही तेच केलं होतं. बाकीच्या चौकोनांत दुधाच्या खुणा आणि गॅसच्या तारखा होत्या. एकादशीच्या चौकोनांत मात्र बारीक अक्षरात वेगळंच काही होतं.

'हेमा बोलली. २ तास १० मि.'

'आज हिला माझे नाव आठवले.'

'आज तिन तास. दोनदा हसलि.'

'भांडली. बरे वाटले.'

तीन वर्षांच्या सगळ्या एकादश्या होत्या. काही ठिकाणी नोंद नसून यादी होती. पंधरा दिवस मनात साठवलेलं त्या दिवशी बायकोला विचारायचं म्हणून लिहून ठेवलेलं, 'विचारणे' असं शीर्षक देऊन. फडताळाची किल्ली, कुणाच्या तरी मुलीचं नाव, हृषीकेशचा जन्म नक्की किती वाजता झाला.

आणि पहिल्याच वर्षाच्या श्रावणात, एका एकादशीच्या चौकोनात न मावल्यामुळे समासात गेलेलं एक वाक्य होतं.

'गोळ्या नसल्या की हेमा परत येते. डॉ. ना सांगु नये. उपवास बंद करतिल.'

हृषीकेशनं ते दोनदा वाचलं. मग त्यानं चेहरा हातात लपवला.

"त्यांना माहीत होतं," तो म्हणाला. "आई, बाबांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं. एकदा सांगितलं असतं तर... महिन्यातले दोन दिवस जाऊ नयेत म्हणून बाबांनी उरलेला सगळा महिना घालवला गं."

तो रडत होता. हेमलताबाईंनी खांद्यावरचा नॅपकिन त्याच्या हातात दिला. मग त्या वाकल्या, चष्मा सरकवला आणि समासातल्या वाक्यावर पेन्सिल टेकवली.

"'सांगू' दीर्घ हवं," त्या म्हणाल्या. "आणि 'करतील' पण दीर्घ. चौतीस वर्षं सांगत होते मी ह्यांना."

हृषीकेशनं आईकडे पाहिलं. त्याला आईची भीती वाटली, आणि भीती वाटली याची लाजही वाटली.

शेवटचं कॅलेंडर दोन वर्षांपूर्वीचं होतं. भालचंद्रराव नवमीला गेले होते, सकाळी बाजारातून येताना कोपऱ्यावर बसले ते उठलेच नाहीत. पण दोन दिवसांनंतरच्या एकादशीच्या चौकोनात त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं.

'विचारणे. लोणच्याला मिठ किती. आणी माझा राग येतो का.'

बाईंनी 'मीठ' दुरुस्त केलं, 'आणि' दुरुस्त केलं. मग पेन्सिल खाली ठेवली.

"यायला हवा ना?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"राग. हे वाचून मला ह्यांचा राग यायला हवा. येत नाही. मी शोधून बघितला, कुठेच नाही. हृषी, अजून कोणती गोळी राहिलीय?"

कोणती राहिलीय ते हृषीकेशला पक्कं ठाऊक होतं. चार गोळ्या लागणारच होत्या, त्या जन्माच्या. पाचवी मन शांत ठेवणारी होती. ती अंगात फार दिवस रेंगाळते, म्हणून एखादी एकादशी चुकवली तरी तिचा अंमल उतरत नसे. डॉ. मुजावरांनी ती मुद्दाम शेवटी ठेवली होती.

"ती नको काढायला," तो म्हणाला.

"का?"

"कारण ती मी मागून घेतली होती." तो उठून खिडकीपाशी गेला. हे तो आजवर कुणाशीच बोलला नव्हता. "बाबा गेले तेव्हा तुला काही लक्षात राहत नव्हतं. तू दिवसातून दोन-तीनदा विचारायचीस, हे अजून कसे आले नाहीत. मी सांगायचो. तू किंचाळायचीस. आई, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखी. मग काही तासांनी विसरायचीस आणि परत विचारायचीस. तेरा दिवसांत मी तुला एकतीस वेळा सांगितलं. मी मोजत होतो, का ते माहीत नाही. चौदाव्या दिवशी मी डॉक्टरांना म्हटलं, काहीही द्या पण हे थांबवा. ती गोळी सुरू झाली आणि तू विचारायची थांबलीस. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू."

बाई ऐकत होत्या. यातलं काहीही त्यांना आठवत नव्हतं. आपल्या मुलानं हे एकट्यानं सोसलं, याचं वाईट वाटायला हवं हे त्यांना समजत होतं.

"एकतीस वेळा," त्या म्हणाल्या. "बिचारा." तो शब्द अगदी योग्य जागी पडला होता आणि त्यात काही नव्हतं. ते त्यांचं त्यांनाही ऐकू आलं.

डॉ. मुजावरांनी जुळीची शेवटची गोळी बंद करून दाखवली. पडद्यावर वर्ष सरकलं. नाडी ठीक, झोप थोडी कमी, तोल उत्तम.

"शरीराचं मी सांगू शकते," त्या म्हणाल्या. "मनाचं नाही. आत्ता तुम्ही शांत आहात. काही लोक ही गोळी आयुष्यभर घेतात आणि त्यात गैर काही नाही. गोळी थांबली की तिच्यामागे काय थांबलंय ते जुळीला सांगता येत नाही."

"जुळीला नवरा होता का?" हेमलताबाईंनी विचारलं.

डॉ. मुजावर क्षणभर गोंधळल्या. "नाही."

"मग तिचं बरं आहे," बाई म्हणाल्या. "माझी बंद करा."

हृषीकेश शेजारी बसला होता. त्यानं पडद्यावरून नजर काढली.

आधी अर्धी झाली, मग पाव, मग दिवसाआड पाव, मग बंद. दोन महिने गेले आणि काहीच घडलं नाही. हृषीकेश रोज सकाळी आईचा चेहरा चोरून बघायचा आणि काही दिसलं नाही की हायसं वाटून कामाला लागायचा. बाईंनाही वाटायला लागलं की आत शिल्लकच काही नसावं. इतके दिवस वापरलं नाही की माणसाचं काय नि मिक्सरचं काय, बंदच पडतं. कोणाला त्याचं दुःख होणार, आपल्याला तर दुःख होत नाही, असंही त्यांच्या मनात आलं आणि त्यांना जरा हसू आलं. ते हसू बऱ्याच दिवसांनी आलेलं होतं, पण ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

वैशाखात शकुंतलाबाईंनी त्यांच्या आंब्याच्या कैऱ्या पाठवल्या. सकाळी दहाच्या सुमाराला हेमलताबाई स्वयंपाकघरात विळी घेऊन बसल्या. पाच वर्षांत घरात लोणचं घातलं गेलं नव्हतं. फोडी झाल्या, पुसून झाल्या. परातीत हळद पडली. बाईंनी मिठाची बरणी ओढली, आणि हात आपोआप माप घेत असताना त्या मोठ्यानं बोलून गेल्या, "किलोला पाव किलो. किती वेळा सांगायचं तुम्हाला?"

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

आधी त्यांच्या कानशिलांत गरम झालं. हे काय होतंय ते त्यांना चटकन ओळखता आलं नाही, इतक्या दिवसांनी भेटत होतं. मग ओळख पटली. राग होता. खणखणीत, जुना, त्यांचा स्वतःचा राग. लोणच्याचं मीठ विचारायला एकादशीपर्यंत थांबणाऱ्या त्या माणसाचा राग. डॉक्टरांना एक वाक्य सांगायला भ्यालात? उपवास बंद करतील म्हणून? बायको पंधरा दिवसांतून एकदा परत येते हे कळलं, आणि तुम्ही काय केलंत, तर आकडे टिपत बसलात! मला पूर्ण परत आणायचं सोडून!

"हो, येतो!" त्या ताडकन उठून ओरडल्या. "येतो राग! भयंकर येतो!"

हृषीकेश धावत आला. आई परातीसमोर उभी होती, मुठीत मीठ होतं, चेहरा लाल झाला होता.

"आई? काय झालं?"

"ह्यांच्यावर ओरडायचंय मला," बाई म्हणाल्या. "समोरासमोर. कुठे आहेत हे?"

हाच तो प्रश्न होता. बत्तिसाव्यांदा. हृषीकेशनं दाराची चौकट धरली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याचा पांढरा पडलेला चेहरा पाहून त्यांचा आवाज खाली आला.

"मी विसरले नाही रे," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे. पण मला कुणी सांगितलेलं नाही. तू एकतीस वेळा सांगितलंस, ते मी ऐकलंच नाही. मला कुणीतरी एकदा नीट सांगायला हवं. बाहेर जा, दारातून आत ये, आणि सांग."

"आई, मला नाही जमणार."

"या वेळी एकदाच सांगावं लागेल," हेमलताबाई म्हणाल्या. "मी लक्षात ठेवीन."

त्यांनी मीठ बरणीत परत टाकलं, हात धुतले, पदराला पुसले. बाहेरच्या खोलीत जाऊन त्या दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसल्या. हृषीकेश चपला न घालताच बाहेर गेला. दार लोटलं गेलं. बाहेर भाजीवाल्याच्या गाडीचा कर्णा ओरडत होता. बाईंना पायरीवर मुलाचा श्वास ऐकू येत होता.

मग दार उघडलं. तो आत आला, आईपासून दोन पावलांवर थांबला.

"आई," तो म्हणाला, "बाबा गेले."

हेमलताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ थरथरले, ते त्यांनी दाबून धरायचा प्रयत्न केला आणि ते काही धरले गेले नाहीत.

"कधी?"

"दोन वर्षं उलटून गेली. नवमीला. सकाळी बाजारातून येताना. त्यांना फार त्रास झाला नाही."

"दोन वर्षं," बाई म्हणाल्या. "आणि मला आत्ता सांगतोयस?"

एवढं बोलून त्या रडायला लागल्या.